सह्याद्रीत बर्फ पडत नाही, मग पावसाळी ट्रेकला हायपोथर्मिया कसा होईल? वडिलांना (वय ६८) कळसूबाईला न्यायचं आहे, काळजी घ्यावी लागेल का?

होतो, आणि त्याला बर्फ लागतच नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की झाला हायपोथर्मिया, मग बाहेर शून्य असो नाहीतर अठरा.

कळसूबाई १६४६ मीटर. जुलैत खाली बारी गावात पाऊस अंगावर घ्यायला मजा येते, पण वर हवा बरीच गार असते आणि वारा नुसता झोडपून काढतो. माणूस घामाने आणि पावसाने चिंब, पहाटेच्या चहा-बिस्किटावर निघालेला, दमलेला. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यात जीन्स असेल तर विचारूच नका, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

मी ग्रुप घेऊन जातो तेव्हा वर पोचल्यावर लोकांचे हात बघतो. एका मुलाला सॅकचं बक्कल सुटेना. विचारलं तर "ठीके, ठीके" म्हणाला, पण जीभ जड झालेली. आडोशाला नेलं, ओला टी-शर्ट काढून कोरडा घातला, डोक्याला टोपी, बुडाखाली कॅरीमॅट आणि गुळाचा गरम चहा. थोड्या वेळाने भजी मागायला लागला तेव्हा जीव भांड्यात पडला.

तो कुडकुडत होता, म्हणून एवढ्यावर निभावलं. अंग गारच आहे आणि कुडकुडणं मात्र थांबलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, झोपाळतोय, तर "आता बरं वाटतंय वाटतं" असं समजू नका. तापमान ३२च्या आसपास किंवा त्याखाली गेलेलं असू शकतं. काहींना या अवस्थेत उकडतंय असं वाटतं आणि ते कपडे काढायला लागतात! अशा माणसाला चालवायचं नाही. अलगद आडवं करून गुंडाळायचं, कारण धसमुसळेपणाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी, काखेत ठेवायची, हातपाय चोळायचे नाहीत. पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका. १०८ला फोन लावा. आणि रम? हा सल्ला देणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, वरून ऊब वाटते आणि आतली उष्णता आणखी भराभर निघून जाते.

आता वडिलांचं. उतारवयात कुडकुडणं कमी होतं, थंडी वाजतेय हे उशिरा कळतं. थायरॉइड कमी असेल किंवा मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो, आधी डॉक्टरांना विचारा. माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्ट सोडा, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात न्या. पावसातच जायचं ठरलं, तर कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकमध्ये टाका आणि वर वारा जास्त असेल तर शिखराचा हट्ट न धरता मधूनच मागे फिरा.