पहिला महागडा रुपया घेताना

आधी एकच नाणं नीट शिका: पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया, वजन ११.६६ ग्रॅम. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला.

नाण्याची स्थिती ठरवणारी शेल्डन श्रेणी १ ते ७०. ५८ आणि ६३ नवख्या नजरेला सारखेच वाटतात, भाव मात्र कितीतरी पटींनी बदलतो. म्हणून दहापट भिंग घ्या, एकाच दिव्याखाली नाणं तिरकं फिरवा. भुवई, गाल, मुकुट इथे झळाळी तुटून करडेपणा दिसला, तर ते वापरातलं नाणं; ६० च्या खालीच.

हे टाळा:
- चिंच, राख, टूथपेस्टने घासणं. चकाकी येते, पण मूळ झळाळी कायमची जाते आणि नाणं तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर बहुधा श्रेणीचा आकडाच मिळत नाही. सर्वांत महाग चूक हीच.
- विक्रेत्याच्या ‘यूएनसी’वर (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) विसंबणं.
- पीव्हीसीची पाकिटं. हिरवट चिकट थर चढतो.

नाणं कडेनेच धरा. नाणं पाडतानाच्या चुका, छाप, टंकसाळीच्या खुणा नंतर बघू.