परदेशातल्या सेवकांसाठी प्रार्थना: पहिले ३ महिने

सगळं जग एकदम हातात घेऊ नका. एक देश, एक मिशनरी कुटुंब, रोज १० मिनिटं. सुरुवातीला एवढंच पुरे.

समजा, पश्चिम आफ्रिकेतला नायजर निवडलात. तिथलं मुख्य पीक आपलीच बाजरी. पाऊस साधारण जून ते सप्टेंबर, कापणी त्यानंतर. म्हणजे ऐन पावसात कणग्या रिकाम्या, त्याच दिवसांत हिवताप वाढतो आणि हातपाय काडीसारखे झालेली लेकरं दवाखान्यात येतात. अशा वेळी ‘प्रभू, गरिबांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर थांबू नका. पाऊस वेळेवर पडू दे, ५ वर्षांखालच्या मुलांना औषध वेळेत मिळू दे, रात्रपाळीच्या नर्सला बळ दे, असं नेमकं मागा. आपले रात्रीचे ९ म्हणजे तिथे दुपारचे साडेचार, दवाखाना चालू असतो.

नवख्यांच्या हमखास चुका:

- फक्त परदेशी सेवकासाठी मागणं. स्थानिक पाळकांनाही आठवा; सेवक परततो, पाळक तिथेच राहतो.
- प्रार्थनापत्र, म्हणजे सेवकाने विनंत्या लिहून पाठवलेलं पत्र, व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणं. नाव, गाव, फोटो बाहेर गेले तर नव्या विश्वासणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. आधी विचारा, मगच पाठवा.
- आजार आणि पैसा यांपलीकडे न जाणं. भाषा शिकणं, मुलांची शाळा, एकटेपणा, सहकाऱ्यांतले मतभेद यांनी माणूस खचतो.

बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र ४:३ वाचा. ते लिहिणारा पौल बंदिवासात होता, तरी या ओळीत त्याने सुटका मागितली नाही. वचनासाठी दार उघडावं, म्हणजे ते सांगायची संधी मिळावी, म्हणून प्रार्थना मागितली.

वहीत तीन रकाने आखा: तारीख, विनंती, उत्तर. तिसरा रकाना बरेच दिवस कोरा राहील, तरी ती विनंती खोडू नका.