औषधाच्या चाचणीत भाग घेतला आणि त्रास झाला, तर खर्च कोणाचा?

चाचणी घेणाऱ्या कंपनीचा किंवा संस्थेचा. 'तुम्हीच तर सही केलीत' असं कोणी ऐकवलं तरी गप्प बसू नका; संमतिपत्रावर सही केल्याने भरपाईचा हक्क जात नाही.

२०१९ च्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार उपचार मोफत द्यावे लागतात. ते गरज असेपर्यंत, किंवा त्रासाचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. त्रास गंभीर असेल तर डॉक्टरने २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटी (चाचणीत भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारी समिती) या तिघांना कळवायचं असतं. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई ठरवण्याचं सूत्रच आहे: मूळ रक्कम ८ लाख, त्यावर वय आणि आजाराच्या जोखमीचा हिशोब. म्हणजे आधीच फार आजारी असलेल्या माणसाच्या वारसांना कमी पैसे. मला हे खटकतं, पण नियम तसा आहे.

संमतिपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या, ती द्यावीच लागते. एथिक्स कमिटीचा संपर्क त्यातच सापडेल. तक्रार आधी तिथे, लेखी.