स्पेनच्या खेड्यापाड्यांतून माउंटन बायकिंग करायचंय. कोणते ट्रेल निवडावेत आणि सायकल इथून न्यावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की जीपीएक्स ट्रॅक (फोनवर वाट दाखवणाऱ्या फाइल) डाउनलोड करून ठेवलेत, त्यामुळे कुणाला वाट विचारायची वेळ येणार नाही. ट्रेलचं नंतर बघू. आधी या वाक्याचा समाचार घेतो, कारण नेमकं हेच माझा साडू तेरुएलमध्ये कॉफी पिता पिता बोलला होता आणि पुढचे चार तास मी ते भोगले.

मी कंपनीच्या कामासाठी अडीच वर्षं झारागोझाला होतो. स्पॅनिश यथातथाच. शनिवार-रविवार एक सेकंडहँड हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल, घेऊन भटकायचो. साडू तेव्हा जर्मनीत. मे महिन्यात चार दिवस सुट्टी काढून, गाडीमागे नवीकोरी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप) बांधून आला. मी ओखोस नेग्रोसची विया वेर्दे ठरवली होती. विया वेर्दे म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचे रूळ काढून केलेली चालायची-सायकलची वाट. स्पेनभर अशा वाटा आहेत. ही तिथल्या लांबलचक वाटांपैकी एक, सुमारे १६० किलोमीटरची. ओखोस नेग्रोसच्या खाणीतलं लोहखनिज १९०७ पासून १९७२ पर्यंत या मार्गाने भूमध्य समुद्रावरच्या सागुन्तो बंदरात जायचं. भरलेली मालगाडी ओढायची म्हणून चढ कुठेच अंगावर येत नाही. बोगदे, दगडी पूल, आणि शेवटी हजार मीटरच्या पठारावरून थेट संत्र्यांच्या बागांपर्यंत उतार.

साडू म्हणाला, "ही पेन्शनरांची वाट आहे."

म्हणून आम्ही थेया गावाशी विया वेर्दे सोडली आणि त्याच्या फोनमधल्या ट्रॅकने शेतांतून अल्बाराथिनच्या दिशेने निघालो. कारणही चांगलं होतं. रोमनांनी पहिल्या शतकात अल्बाराथिनहून थेयापर्यंत सुमारे २५ किलोमीटर पाणी आणलं, मध्ये डोंगर पोखरून. ते कोरलेले बोगदे त्याला बघायचे होते. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी लख्ख ऊन. दोन्हीकडे हिरवं जव, त्यात लाल पॉपी. फोटो काढावा असंच होतं सगळं.

गावाबाहेर एक फाटक लागलं. फाटक म्हणजे जुन्या पलंगाची स्प्रिंगची जाळी, तारेने खांबाला अडकवलेली. तिथे सगळीकडे हाच प्रकार, मोडका पलंग कुणी फेकत नाही. पलीकडे एक मेंढपाळ, पन्नास-साठ मेंढ्या आणि वासराएवढी दोन कुत्री. म्हाताऱ्याने आमच्या सायकलींकडे पाहिलं, पुढच्या वाटेकडे पाहिलं आणि मान हलवली. "मुचो बार्रो," म्हणाला. मला काही कळलं नाही असं बघून त्याने एक पाय उचलून बुटाचा तळ दाखवला. तळाला तांबड्या मातीचा तीन बोटं जाडीचा थर होता, त्यात काडीकचरा आणि खडे. मग डावीकडे बोट करून म्हणाला, "कारेतेरा." म्हणजे तिकडून डांबरीने जा.

मी बार्शीकडचा. ते बूट पाहिल्यावर मला दुभाषा लागला नाही. मी साडूला म्हटलं, "राव, रानाला वाफसा नाही. डांबरीने जाऊ."

"हे काय बार्शी आहे का?" साडू. "चारशे लोकांनी चालवलाय हा ट्रॅक."

चारशे लोकांनी चालवला असेल हो, ऑगस्टमध्ये.

पहिले दोनशे मीटर काही झालं नाही. वरचा पापुद्रा सुकला होता, म्हणून चाक तरंगत गेलं. मग पापुद्रा फुटला. आत नुसतं लोणी. टायर आधी जाड दिसायला लागले, मग त्यांच्यावरच्या रबरी खाचा दिसेनाशा झाल्या, मग पुढच्या फोर्कच्या कमानीत माती ठासून भरली आणि चाक फिरायचंच थांबलं. ढकलावी तर चाक घसरत येतं, उचलावी तर तेरा किलोची सायकल सिमेंटचं पोतं झालेली. मी डब्यातला स्टीलचा चमचा काढला आणि खरवडत बसलो. दहा मीटर गेलं की पुन्हा तेच. साडूने चमचा मागितला नाही. जोर लावून पेडल मारलं, मागचा गिअर मातीसकट वर ओढला गेला आणि हँगर, म्हणजे गिअर ज्यावर अडकवतात तो धातूचा छोटा तुकडा, तुटला. जास्तीचा हँगर? जर्मनीत, कपाटात.

३.२ किलोमीटर. दोन तास चाळीस मिनिटं. माझ्या सायकल कॉम्प्युटरवरचा आकडा आहे हा, फोटो अजून जपून ठेवलाय आणि मागेल त्याला दाखवतो. सबंध वेळ डांबरी रस्ता डावीकडे दिसत होता. त्यावरून गाड्या चालल्या होत्या.

खेआ गावातल्या बारच्या बाईने आम्हाला दारातच अडवलं. आत जाऊन बागेचा पाइप घेऊन आली आणि आधी सायकली, मग बूट, मग गुडघ्यापर्यंत आम्ही असं सगळं धुतलं. कुठून आलात असं तिने विचारलं, मी शेतांकडे हात केला. तिने ते आत ओरडून सांगितलं. बारमधली चार म्हातारी माणसं खो खो हसली. स्वयंपाकघर बंद झालं होतं, तरी बटाट्याचं ऑम्लेट घातलेले दोन पाव मिळाले. साडूला तिथेच बसवून मी डांबरीने फेरा मारत थेयाला गेलो आणि त्याची गाडी घेऊन आलो.

आता आमच्या घरात प्रत्येक लग्नात साडू गोष्ट काय सांगतो? "स्पेनमध्ये साडू मला एका खेड्यात एकट्याला टाकून निघून गेला होता." सासूबाईंनाही तेच खरं वाटतं.

असो. तुमचा प्रश्न.

नुकतीच सुरुवात केली असेल किंवा घरचे बरोबर असतील तर विया वेर्देच करा आणि कुणी पेन्शनर म्हटलं तर म्हणू द्या. ओखोस नेग्रोस वरून समुद्राकडे करायची, उलटी नाही. दक्षिणेला जाणार असाल तर अंदालुसियात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, ३६ किलोमीटर, ३० बोगदे, वाटेत गिधाडांचा मोठा कडा. बोगद्यांसाठी दिवा घ्या.

खरोखर दगडधोंड्यांचा सिंगल ट्रॅक, म्हणजे एकच सायकल जाईल एवढी अरुंद वाट, हवी असेल तर वेस्का प्रांतातलं आइन्सा, पिरेनीजच्या पायथ्याशी. तिथल्या ट्रेलना मिळून झोना झेरो म्हणतात. २०१५ आणि २०१८ मध्ये तिथे एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बायकिंगची जागतिक शर्यत झाली होती, त्यावरून काय ते समजा. यातल्या कित्येक जुन्या पायवाटा, ओस पडलेल्या वस्त्यांना जोडणाऱ्या. जवळच हानोवास नावाचं गाव आहे. धरणासाठी लोकांना हुसकावून लावलं, घरं पाडली, आणि धरण झालंच नाही. कोयना-उजनीच्या माणसाला तिथून नुसतं सायकल मारत पुढे जाववत नाही.

आठवडाभर तंबू घेऊन हिंडायचं असेल तर मोंतान्यास वासीआस नावाचा सायकलमार्ग, म्हणजे रिकामे डोंगर. सुरुवात तेरुएलहून. नाव शब्दशः घ्या. त्या प्रांतात एका चौरस किलोमीटरला दहा माणसंसुद्धा नाहीत. दोन गावांच्या मध्ये पाणी मिळेलच असं नाही, आणि गावात पोचलात तरी दुपारी दोन ते पाच दुकान बंद.

नकाशावर 'कान्यादा रेआल' दिसलं तर आवर्जून जा. मेंढ्या उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात खाली न्यायच्या जुन्या वाटा आहेत त्या, कायद्याने ७५ मीटरपर्यंत रुंद. मेंढपाळांच्या मेस्ता या संघाला १२७३ मध्ये राजाने सनद दिली, आणि १९९५ च्या कायद्याने या वाटा आजही सार्वजनिक आहेत. सायकलला मुभा आहे, पण पहिला मान मेंढ्यांचा. आपल्याकडे धनगरांच्या वाटांवर प्लॉटिंग झालं, हे आठवून मला तिथे दर वेळी वाईट वाटायचं.

कळपाची मोठी कुत्री अंगावर आली तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, हळू चाला. फाटक जसं होतं तसं लावा, पलंगाचं असलं तरी. हिवाळ्यात रविवारी रानडुकरांची शिकार चालते, भडक रंगाचं जाकीट घाला आणि वाटेवर पाटी दिसली तर मागे फिरा. सराटे आपलेच आहेत, तीच वनस्पती, तिकडे अब्रोखो म्हणतात. ट्यूबलेस घ्या, पण जास्तीची ट्यूब असू द्या.

सायकल इथून नेऊ नका. विमानाचं भाडं, खोका, खोलाखोली, परत जुळवाजुळव, कशाला? आइन्साला चांगली भाड्याने मिळते. महिनाभर राहणार असाल तर गोष्ट वेगळी. आणि स्वतःची नेलीच तर हँगर जास्तीचा न्या. दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा लागत नाही त्याला.

ट्रॅक घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. धुक्यात, जंगलात त्यानेच वाट सापडते, मीही वापरतो. फक्त पावसानंतर दोन दिवस शेतांतला रस्ता धरण्याआधी कुणाच्या तरी बुटाकडे बघा.

साडू या साइटवर आहे, खाली कमेंट करेलच. त्याला एवढंच विचारा की चमचा कुणाचा होता.