बॉनफायर नाइटला मुलांसाठी आधी करून ठेवता येईल असं गोड काय करावं? पार्किन करा, आणि आजच करा

तुमचा प्रश्न वाचला. 5 नोव्हेंबरला, म्हणजे इंग्लंडमध्ये शेकोट्या पेटवून साजऱ्या होणाऱ्या बॉनफायर नाइटला, घरामागच्या अंगणात शेकोटी आहे, मुलीच्या वर्गातली 12 मुलं येणार आहेत, वयं 6 ते 8, त्यातली तिघं अंडं खात नाहीत, आणि तुम्ही त्या दिवशी पाचपर्यंत कामावर. मी अकरा वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या, यॉर्कशरच्या लीड्समध्ये राहते आणि आमच्या गल्लीतली मुलं दर वर्षी शेकोटीला आमच्याकडेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी आम्रखंडाच्या वाट्या भरून ठेवल्या होत्या. त्या तशाच परत आल्या. इथे त्या दिवशी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. काळोख, ओली थंडी, हातात लोकरीचे मोजे, एका हाताने आईचं बोट धरलेलं. अशा वेळी मुलाला वाटी-चमचा सांभाळता येत नाही आणि गार काही खावंसंही वाटत नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: एका हातात मावेल, मोज्यांना चिकटणार नाही आणि खाली सांडणार नाही, तेच करायचं.

या नियमात सगळ्यात चपखल बसतं ते इथलंच पार्किन. यॉर्कशर आणि लँकाशरमध्ये 5 नोव्हेंबरला घरोघरी होणारा ओट्सचा, सुंठ घातलेला केक. उत्तरेकडच्या गार, ओल्या हवेत गव्हापेक्षा ओट्स बरे पिकायचे, म्हणून तेच केकमध्ये आले. ज्याच्यामुळे हा दिवस पाळतात तो गाय फॉक्सही इथलाच, 1570 साली यॉर्कमध्ये जन्मलेला. 1605 मध्ये पार्लमेंट उडवून देण्यासाठी त्याखाली बंदुकीच्या दारूची 36 पिंपं लपवल्याची गोष्ट मुलांना शेकोटीभोवती सांगा, डोळे विस्फारून ऐकतात.

पार्किनची खरी गंमत म्हणजे ते ताजं चांगलंच लागत नाही. ओव्हनमधून काढलं की कोरडं, भुसभुशीत वाटतं आणि करणाऱ्याचा धीर सुटतो. तीन-चार दिवस डब्यात बंद राहिलं की पाकाचा ओलावा ओट्समध्ये मुरतो आणि वडी मऊ, चिकटसर, गडद होते. आपल्याकडे लोणचं मुरू देतात ना, तसंच. म्हणजे आज 1 तारीख असेल तर आज रात्रीच करून टाका.

माझं प्रमाण सांगते. 175 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम गोल्डन सिरप (साखरेचा सोनेरी दाट पाक), 100 ग्रॅम ब्लॅक ट्रीकल आणि 100 ग्रॅम ब्राउन शुगर मंद आचेवर फक्त वितळवा, उकळू देऊ नका. ट्रीकल म्हणजे आपल्या काकवीचीच बहीण, थोडी जास्त कडवट. इंडियन दुकानातली काकवी हाताशी असेल तर निम्मी ती घाला, चव मवाळ होते आणि लहान मुलांना जास्त आवडते. दुसऱ्या भांड्यात 200 ग्रॅम सेल्फ-रेझिंग फ्लावर (बेकिंग पावडर मिसळलेला मैदा), 150 ग्रॅम मीडियम ओटमील, दोन चमचे सुंठ, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. ओटमील म्हणजे ओट्सचा रवाच. न मिळाल्यास साधे पॉरिजचे ओट्स मिक्सरवर जाड्या रव्याइतके फिरवून घ्या, पीठ करू नका. दोन्ही एकत्र करून पाच मोठे चमचे दूध घाला. इथले लोक यात एक अंडं घालतात, मी त्याऐवजी तीन मोठे चमचे दही घालते. कुणाला फरक कळलेला नाही. तिघांसाठी वेगळं करत बसू नका, सगळ्यांसाठी बिनअंड्याचंच करा. 20 सेंटीमीटरच्या चौकोनी टिनमध्ये कागद लावून 160 अंशांवर तासभर भाजा. फॅन ओव्हन असेल तर 140. पूर्ण गार झाल्यावर 16 वड्या पाडा, बेकिंग पेपरमध्ये गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मध्येच उघडून चाखू नका.

दुसरा पदार्थ बहुधा तुमच्या घरात आहेच: शंकरपाळे. दिवाळी याच सुमारास येते. कागदाचे कोन करून मूठमूठ भरून ठेवा. आमच्या गल्लीतली पोलिश आणि इंग्लिश मुलं आता दारातूनच त्यांची चौकशी करत येतात. यात दाणे-बदाम नसतात, हाही मोठा फायदा, कारण इथल्या मुलांमध्ये नट अॅलर्जी बरीच आढळते. म्हणून दाण्याचे लाडू, बेसनाचे काजू लावलेले लाडू त्या दिवशी बाहेर काढूच नका. तिळाचंही तेच. प्रत्येक आईला आधी मेसेज करून अॅलर्जीचं विचारा.

टॉफी अॅपल दिसायला फार सुंदर, पण आधी करून ठेवायच्या कामाचे नाहीत. सफरचंदाचा ओलावा आणि दमट हवा मिळून साखरेचं कवच दुसऱ्या दिवशी पाझरायला लागतं. शिवाय या वयात पुढचे दुधाचे दात हलत असतात, त्यामुळे ते, कडक ट्रीकल टॉफी आणि चिक्की, तिन्ही नको. कुरकुरीत काही हवंच असेल तर सिंडर टॉफी, म्हणजे सोड्याने फुगवलेल्या साखरेच्या पाकाची टॉफी करा, ती जाळीदार असते, चटकन तुटते. हवा लागली की तासाभरात चिकट होते, म्हणून तुकडे गार होताच हवाबंद डब्यात.

मार्शमॅलो मुलं मागतीलच. साध्या मार्शमॅलोमध्ये डुकराचं किंवा गाईचं जिलेटिन असतं, पाकीट वाचून व्हेजिटेरियन आणा. भाजताना शेजारी मोठं माणूस हवंच, वितळलेली साखर वाईट भाजते. आणि फुलबाज्या हातात असताना खाणं पूर्ण बंद. आधी फुलबाज्या, त्या पाण्याच्या बादलीत विझवल्या की मग खाऊ.

कामावरून आल्यावर तुम्हाला फक्त दूध तापवायचं राहील. वेलची घातलेलं हॉट चॉकलेट थर्मासमध्ये भरा, पेले अर्धेच द्या. पार्किनच्या चार वड्या उरतीलच. दुसऱ्या रात्री गरम कस्टर्ड ओतून तुम्ही दोघी खा.