सर्व्हिसिंगनंतर लगेच गाडी बंद पडली, तर आधी काय पाहावे

सर्व्हिसिंगनंतर गाडी बंद पडली की नवखा माणूस थेट इंजिन उघडावे लागेल अशी धास्ती घेतो. प्रत्यक्षात गॅरेजमध्ये जिथे हात लागला, तिथेच दोष सापडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून प्रथम बिलावरील कामांची यादी वाचा.

बंद पडण्यापूर्वी, धावत असतानाच, ऑइलचा लाल दिवा लागला होता का, हे आठवा. लागला असेल तर स्टार्टर पुन्हा मारू नका. ऑइल फिल्टर बदलताना जुना रबरी वायसर इंजिनालाच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर ऑइल झपाट्याने गळते. गाडीखालचा ओघळ आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) दोन्ही तपासा.

तसे नसेल, तर इग्निशन बंद करून बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून पाहा. ते फिरत असेल, तर बहुधा शोध तिथेच संपतो. एअर फिल्टर बदलला असल्यास डब्याच्या क्लिपा, पुढची रबरी नळी आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरचा कनेक्टर पाहावा.

नवशिक्यांच्या चुका दोन:
- चेक इंजिनचा दिवा घालवण्यासाठी बॅटरी काढणे. त्यामुळे गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोडही पुसले जाऊ शकतात.
- अंदाजाने नवे सुटे भाग बसवणे. ही खर्चिक सवय आहे.

इंधनाचा दाब वगैरे तपासण्या सध्या बाजूला ठेवा. काही सैल आढळले, तर ते घट्ट करण्यापूर्वी फोटो काढून त्याच गॅरेजला कळवा.