शब्बाथ शाळेची थैली

अगं, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, पहिल्याच रविवारी दानाची थैली फिरवू नकोस. आधी मुलं एकमेकांची होऊ देत. पाठानंतर चटईवर घावन-चहा झाला की घरची हालहवाल आपसूक कळते, आणि आपल्या किनाऱ्यावर तीच कळायला हवी. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, मासेमारी बंद, त्यात वह्या-पुस्तकांचा खर्च. बायबलमध्ये प्रेषित पौलानेही करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १६:२) मिळकतीच्या मानानेच बाजूला ठेवायला सांगितलंय. मी एकदा कोण किती देतं ते फळ्यावर लिहिलं. दोन भावंडं पुन्हा आलीच नाहीत. आता दाराशी झाकणाचा डबा ठेवते. नाणं चालतं, मूठभर तांदूळही चालतो. मार्कच्या शुभवर्तमानातल्या १२व्या अध्यायात गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी छोटी नाणी, दानात टाकते, ती गोष्ट त्या डब्याशेजारी बसूनच शिकव.

मोजताना दोन मोठी मुलं सोबत घे, वहीत लिही. कशासाठी द्यायचं ते मुलांना ठरवू दे. आमच्यांनी एका एकट्या आजीच्या घराची कौलं पावसाआधी परतून द्यायची ठरवली. पैसे थोडेच लागले, शिडी धरायलाच सात जण! नाताळच्या करंज्यांचा हिशेब मात्र वेगळा ठेव, त्यावरून भांडणं होतात.